ऑस्टिओपॅथची पहिली भेट अशी का असते?

कंबर धरली म्हणून पहिल्यांदाच ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हातांनी सांधे आणि स्नायूंवर उपचार करणाऱ्याकडे, गेलेला पेशंट बहुधा गोंधळतो. दुखते कंबर, आणि चौकशी चालते झोपेची, जुन्या अपघातांची, बाळंतपणाची, चालू असलेल्या औषधांची. मग उभं राहा, पुढे वाका, बाजूला वळा. कणा हलताना नीट दिसावा म्हणून वरचे कपडे उतरवायला सांगतात. तासाभराच्या भेटीतला बराचसा वेळ यातच जातो. गोळ्यांची चिठ्ठी तर मिळतच नाही. ही पद्धत कुठून आली, ते पाहण्यासारखं आहे.

ऑस्टिओपॅथी या उपचारपद्धतीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८-१९१७) हे अमेरिकेच्या सीमावर्ती भागात वैद्यकी करणारे डॉक्टर. त्या काळात औषध म्हणजे पाऱ्याचे क्षार, जुलाब, अफू आणि दारू. १८६४ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने त्यांच्या घरातली तीन मुलं दगावली. डॉक्टर असून आपल्याला काहीच करता आलं नाही, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला तो तेव्हा. ते हाडांचा, सांध्यांचा अभ्यास करत राहिले आणि १८७४ मध्ये त्यांनी आपला विचार मांडला : शरीराची रचना बिघडली की रक्ताभिसरण अडतं आणि त्यातून आजार होतात, रचना हातांनी सुधारली की शरीर स्वतःच बरं होतं. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी त्यांनी शाळा काढली. पहिल्या वर्गापासून स्त्रियांनाही प्रवेश होता, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे.

सगळ्या आजारांचं मूळ कण्यात शोधणारा स्टिल यांचा सिद्धांत पुढे टिकला नाही, आणि ते मोकळेपणाने सांगायलाच हवं. टिकली ती त्यांची सवय : दुखऱ्या जागेपुरतं न पाहता अख्खं शरीर पाहायचं आणि हातांनी तपासायचं. गुडघा दुखत असला तरी घोटा आणि खुबा का तपासतात, याचं उत्तर या सवयीत आहे.

पुढे या विद्येला दोन वाटा फुटल्या. अमेरिकेत तिच्या शाळांनी औषधं आणि शस्त्रक्रिया अभ्यासक्रमात आणली. १९७३ पर्यंत तिथल्या सर्व राज्यांनी या पदवीधरांना पूर्ण वैद्यकीय परवाना दिला. तिथले ऑस्टिओपॅथिक डॉक्टर ऑपरेशनही करतात आणि औषधंही लिहून देतात. स्टिल यांचे विद्यार्थी जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी १९१७ मध्ये लंडनमध्ये शाळा सुरू केली. तिथे आणि युरोपात ही विद्या मुख्यतः हातांच्या उपचारांचीच राहिली. त्यामुळे समोरची व्यक्ती नेमकी कोणत्या वाटेवरची, तिची नोंदणी कुठे झाली आहे, हे पेशंटने आधी विचारावं. त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

ब्रिटनमध्ये ही नोंदणी सहजासहजी आली नाही. १९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीपुढे ऑस्टिओपॅथीला मान्यता देणाऱ्या विधेयकाची सुनावणी झाली. शिक्षणाच्या दर्जावर कडक टीका झाली आणि विधेयक मागे घ्यावं लागलं. मला वाटतं, हा अपमान शेवटी पेशंटच्या पथ्यावर पडला. १९९३ मध्ये कायदा झाला, आणि २००० पासून तिथे नोंदणीशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणं हा गुन्हा ठरला. काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय कोणता हे आधी सांगून संमती घेणं आज तिथे व्यावसायिक कर्तव्य आहे. ती दिली तरी उपचार मध्येच थांबवायला सांगता येतात.

प्रत्यक्ष उपचारांत स्नायू दाबून सैल करणं, सांधा हळूहळू हलवणं, ताणणं आणि कधी एक छोटा, वेगवान झटका असतो. झटक्याला कट्‌कन आवाज येतो तेव्हा पेशंट दचकतो, किंवा सरकलेलं हाड जागेवर बसलं असं समजून खूश होतो. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी जोडला जातो. हाड बसण्याशी त्याचा संबंध नाही. झटका नको असेल तर सांगावं, सौम्य पद्धती असतात. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं नेहमीचं.

उपयोग किती, याचं उत्तर सरसकट देता येत नाही. कंबरदुखीत काहींना आराम पडतो. ब्रिटनच्या २०१६ च्या अधिकृत मार्गदर्शनात हातांचे उपचार चालतील असं म्हटलं आहे, पण व्यायामाच्या जोडीनेच. कवटीवर हलका हात ठेवून करायची पद्धत विसाव्या शतकात विल्यम सदरलँड यांनी रूढ केली. तिला भक्कम पुरावा नाही. दमा किंवा तान्ह्या बाळाचं रडणं यावर कोणी हमखास गुण सांगत असेल, तर तिथून उठावं.

सुरुवातीच्या लांबलचक चौकशीत आज आणखी एक काम होतं : हात लावू नये असे आजार ओळखणं. हाडं ठिसूळ झालेली असणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पाठदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटलेलं वजन, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, हे सगळं न विचारता सांगावं. मानेवरच्या झटक्याने रक्तवाहिनीला इजा झाल्याच्या घटना विरळ असल्या तरी नोंदल्या गेल्या आहेत. चक्कर किंवा दृष्टीचा त्रास असेल तर तोही लपवू नये. आणि कंबरदुखीसोबत मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा ताबा सुटला, तर ऑस्टिओपॅथची वेळ न घेता थेट हॉस्पिटल गाठावं.