व्यसन

व्यसन म्हणजे अशी सवय जी सोडायची ठरवूनही सुटत नाही, नुकसान डोळ्यासमोर दिसत असतं तरी हात तिकडेच वळतो. दारू, तंबाखू, जुगार ही उदाहरणं सगळ्यांना माहितीच आहेत.

शब्द संस्कृत आहे, वि + अस् (फेकणं) अशी फोड करतात. जुन्या संस्कृतात मात्र त्याचा मुख्य अर्थ सवय नाही तर संकट, महाभारतात राजावर 'व्यसन' येतं ते आपत्ती या अर्थाने. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण (विभाग) पूर्ण याच विषयावर आहे आणि तिथे व्याख्याही मिळते, माणसाला श्रेयापासून, म्हणजे त्याच्या हितापासून, दूर फेकतं ते व्यसन. ग्रंथाचा काळ वादाचा आहे, कोणी इ.स.पू. चौथं शतक धरतात तर कोणी इ.स.चं पहिलं ते तिसरं, भाषा आणि रचना पाहता नंतरचा काळ जास्त पटतो. त्यात राजा, अमात्य, दुर्ग, कोश यांच्यावरची संकटं आणि माणसाचे दोष दोन्ही एकाच शब्दाखाली येतात, त्यामुळे संकट आणि संकट ओढवणारी खोड हे अर्थ तेव्हा शेजारीशेजारी होते असं म्हणायला हरकत नाही. मनुस्मृतीत (७.४५–४८) कामातून दहा आणि क्रोधातून आठ व्यसनं सांगितलीत, त्यात शिकार आणि द्यूत तर आहेच पण दिवसा झोपणं, चुगली, उगाच भटकणं हेसुद्धा आहे! जैन परंपरेत सात व्यसनं मोजतात.

चांगला अर्थही होता. संस्कृत कवी भर्तृहरीने थोरांच्या स्वभावात 'व्यसनं श्रुतौ', म्हणजे विद्येची ओढ, धरलीय. मराठीत ही छटा 'वाचनाचं व्यसन' अशा बोलण्यात टिकून आहे.

मराठीत व्यसन लागतं, जडतं, सुटतं. 'त्याला व्यसन लागलं' यात तो कर्ता नाहीच, व्यसन कर्ता आहे, आणि घरात ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांना ही वाक्यरचना किती खरी आहे ते कळतं. नाद, चटक, खोड हे जवळचे शब्द, पण 'तलफ' वेगळी, ती त्या क्षणाची ओढ: जेवण झालं की बोटं आपोआप खिशातली पुडी चाचपतात ती तलफ, आणि रोज तसंच होतं ते व्यसन. मंत्रचळ (तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक विकार) मात्र यात धरू नये, कुलूप लावलंय हे माहीत असून पाचव्यांदा ओढून बघणारा माणूस मजेसाठी बघत नसतो, भीतीपोटी बघतो.

वैद्यकात आता 'अवलंबित्व' हा शब्दही चालतो. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, जुगारासोबत गेमिंगचा विकारही व्यसनी वर्तनाच्या गटात आहे.