बालकांतील हिवताप : प्रतिकार आणि दाह

हिवतापाचे परजीवी रक्तात वाढू लागले की मुलाचे शरीर त्यांना रोखण्यासाठी जी धडपड करते तिला प्रतिकारक प्रतिसाद म्हणतात. त्याच धडपडीतून दाह (इन्फ्लमेशन) उद्भवतो. ताप, हुडहुडी आणि गंभीर आजारातील बरीचशी हानी या दाहामुळे होते.

डासाने टोचलेले परजीवी आधी यकृतात वाढतात. त्या काळात मूल हसत-खेळत असते. पुढे ते तांबड्या पेशींत शिरतात. फाल्सिपेरम व व्हायव्हॅक्स या भारतातील दोन्ही प्रमुख जातींत या पेशी सुमारे ४८ तासांनी फुटतात आणि परजीवीच्या आवरणातील द्रव्ये व हिमोझॉइन हे तपकिरी रंजक रक्तात पसरते. जंतू गिळणाऱ्या भक्षी पेशी ते ओळखून टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ ही संदेशक प्रथिने सोडतात आणि मेंदूतील केंद्र शरीराचे तापमान वर नेते. नाशिक जिल्ह्यातील पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यावर आई हुडहुडी भरलेले लेकरू गोधडीत गुंडाळते, तेव्हा तो ताप त्याच्याच पेशींनी चढवलेला असतो.

बाधित पेशी गाळून काढण्याचे काम पोटातील पानथरी (प्लीहा) करते आणि त्यात ती वाढते. रक्ततपासणी सर्रास होण्यापूर्वी मुलांची पोटे चाचपून, किती जणांची पानथरी हाताला लागते यावरून गावातील हिवतापाचे प्रमाण ठरवत.

दाहाला लगाम घालणारे मुख्य प्रथिन इंटरल्यूकिन-१०. आफ्रिकेतील तीव्र रक्तक्षय झालेल्या मुलांत ते टीएनएफच्या मानाने कमी आढळले. हा रक्तक्षय केवळ पेशी फुटल्याने होत नाही. निरोगी तांबड्या पेशीही गाळल्या जातात आणि अस्थिमज्जेत नव्या पेशी तयार होणे मंदावते. फाल्सिपेरमने बाधित पेशी मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, भिंती गळू लागतात, मेंदू सुजतो. मुलाला झटके येतात, शुद्ध हरपते.

दाहच घातक, तर तो दाबून टाकावा, हा विचार साहजिक होता. तो फसला. मेंदूच्या हिवतापात डेक्सामेथासोन हे दाह दाबणारे औषध दिल्याने बेशुद्धी लांबली, हे १९८२ मध्ये थायलंडमधील चाचणीत दिसले. गॅम्बियातील मुलांना टीएनएफविरोधी प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणारी प्रथिने) दिली. ताप उतरला, मृत्यू कमी झाले नाहीत, उलट मेंदूची कायमची इजा अधिक मुलांत राहिली. जीव वाचवला तो परजीवी झपाट्याने मारणाऱ्या आर्टेसुनेट इंजेक्शनाने : आफ्रिकी मुलांवरील २०१० च्या मोठ्या चाचणीत क्विनाइन या जुन्या औषधाच्या तुलनेत मृत्यू २२.५ टक्क्यांनी घटले. म्हणून तापाच्या मुलाचे रक्त त्याच दिवशी तपासणे हाच या आजारातील सर्वांत मोलाचा उपाय ठरतो.

पहिले काही महिने आईची प्रतिपिंडे आणि अर्भकाचे वेगळे हिमोग्लोबिन बाळाला काहीसे सांभाळतात. अर्थात आईजवळ ती प्रतिपिंडे असतील तर. त्यानंतरची प्रतिकारशक्ती वारंवार लागण होऊनच मिळते. १९६१ मध्ये गॅम्बियात प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे आजारी मुलांना टोचली, तेव्हा त्यांच्या रक्तातील परजीवी घटले. मात्र फाल्सिपेरम बाधित पेशीवरील आपले प्रथिन बदलत राहतो. त्यासाठी त्याच्याजवळ सुमारे ६० जनुके आहेत. गंभीर आजारापासून संरक्षण तुलनेने लवकर येते, लागणीपासून पूर्ण संरक्षण जवळपास कधीच नाही.

नाशिक जिल्ह्यात लागण सततची नाही. त्यामुळे येथील मुलांत ही कमावलेली शक्ती साठत नाही, आणि लागण थांबली की असलेलीही ओसरते. आफ्रिकेतील अनेक गावांत मोठी मुले थोडे परजीवी अंगावर वागवत शाळेत जातात. नाशिकचे दहा वर्षांचे मूलही पहिल्याच लागणीत फणफणते. व्हायव्हॅक्समध्ये तर रक्तात परजीवी थोडे असतानाही ताप जोरात चढतो. प्लेटलेट घटत असल्याने पावसाळ्यात डेंग्यूशी गल्लत होते.

आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेलचा (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या करणारा) आनुवंशिक दोष एकाच पालकाकडून आला असेल तर गंभीर फाल्सिपेरमपासून संरक्षण मिळते. दोघांकडून आला तर मात्र तेच मूल हिवतापात अधिक धोक्यात असते.

व्हायव्हॅक्सची सुप्त रूपे यकृतात दडून राहतात; रक्तातील प्रतिपिंडे तेथे पोचत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन हे औषध १४ दिवस द्यावे लागते. तान्ह्या बाळांना आणि जी-६-पीडी या तांबड्या पेशींतील विकराची कमतरता असलेल्यांना ते देत नाहीत. सुरगाणा-पेठची कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. डोस चालू असताना घर हलले की गोळ्या मधेच सुटतात आणि काही आठवड्यांनी तेच मूल पुन्हा थंडीतापाने पडते.