लेखकनायकाची कादंबरी

लिहिण्यासाठी धडपडणारा लेखक हाच जिचा नायक असतो आणि त्याने निर्माण केलेले पात्र जिच्यात त्याच्याइतक्याच हक्काने वावरते, त्याला जाब विचारते, प्रसंगी त्याच्या लेखणीला जुमानत नाही, अशा प्रयोगशील कादंबरीला लेखकनायकाची कादंबरी म्हणता येईल. हा प्रकार वाचकाला मोठी अपेक्षा दाखवतो आणि बहुतेकदा ती पुरी करत नाही.

युरोपात त्याची मुळे जुनी आहेत. स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिसच्या ‘दोन किहोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये व दुसरा १६१५ मध्ये निघाला, दुसऱ्या भागातील काही पात्रांनी पहिला भाग वाचलेला असतो. मिगेल दे उनामुनो यांच्या १९१४ मधील ‘निएब्ला’ या कादंबरीत आत्महत्येचा विचार करणारा नायक खुद्द लेखकाला भेटायला सालामांका शहरात जातो. तू काल्पनिक असल्यामुळे स्वतःच्या इच्छेने मरू शकत नाहीस, असे लेखक त्याला सांगतो. त्यावर, तुम्हीही मरणारच आहात, असे नायक त्याला सुनावतो. हा प्रसंग चटका लावतो, कारण तोवर नायकाचे प्रेम आणि त्याची फसगत वाचकाने खरी मानलेली असते.

मराठवाड्याला ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. पैठणच्या संत एकनाथांनी (सोळावे शतक) भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशी सोंगे उभी केली. सोंग आपल्या ढंगाने बोलत राहते आणि शेवटच्या चरणात ‘एका जनार्दनी’ या मुद्रेने कर्ता स्वतः प्रकट होतो. त्यांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त तर तुर्काच्या तोंडी दख्खनी वळणाची हिंदुस्तानी आहे आणि हिंदूच्या तोंडी मराठी. कर्ता एकच असूनही जिभा दोन आहेत, आणि लेखकनायकाच्या कादंबरीचे यशापयश नेमके याच गोष्टीवर ठरते.

असा लेखकनायक परभणी, बीड किंवा लातूरसारख्या जिल्ह्याच्या गावी राहतो, विनाअनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि रात्री लिहायला बसतो, असे समजू. त्याची ओढाताण खरी आहे: सुट्टीत न मिळणारे मानधन, हस्तलिखितासोबत छपाईचा खर्चही मागणारा प्रकाशक, दोन खोल्यांच्या घरात लिहिण्यासाठी नसलेला कोपरा. अयशस्वी कादंबरीत मात्र यातले फारसे काही येत नाही. तिच्यात येतो तो कोरा कागद, खिडकीबाहेरचा पाऊस आणि प्रतिभा आटल्याचे पानोपानी केलेले दुःख. शिवाय ही पाने गद्य, कविता, रोजनिशी, तळटिपा अशा तुकड्यांत विखुरलेली असल्याने वाचकाला शिणवतात. ते तुकडे जोडून घेण्याची निकड त्याला वाटत नाही.

त्याहून गंभीर दोष लेखकनायकाने निर्माण केलेल्या पात्रात असतो. नायकाने मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका हमालाचे पात्र निर्माण केले, असे धरू. हमाल एका रात्री लेखकाच्या दारात येतो, ही कल्पना उत्तम आहे. परंतु तो आल्याबरोबर अस्तित्व, भाषा आणि सत्य यांवर लेखकाच्याच प्रमाण मराठीत बोलू लागला, तर दारात कोणी आलेलेच नसते. लेखक आरशापुढे उभा राहिलेला असतो. ‘काय करायलास?’ असे जो सहज विचारील, तो ‘तू काय करतो आहेस?’ असे विचारू लागला की त्याच्या पाठीवरचे पोते, त्याची मजुरी, त्याचा उमाळा, सारे नाहीसे होते. बंड करायला आधी त्या पात्राला स्वतःची इच्छा असावी लागते, आणि ती इच्छा त्याच्या बोलण्यातूनच दिसते.

याच प्रदेशातील रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही लेखकनायकाची कादंबरी नव्हे, तरी येथे तिचा उल्लेख आवश्यक आहे. एका शिंपी कुटुंबाची वाताहत त्या घरातली पार्वती स्वतःच्या बोलीत सांगते. लेखक कुठेही पुढे येत नाही, आणि पार्वतीचे बोलणे वाचकाला शेवटपर्यंत तिचेच वाटते. निवेदनाचा हा निर्णय रूपाच्या दृष्टीने धाडसी होता, पण त्या धाडसाकडे वाचकाचे लक्ष उशिरा जाते. आधी जाते ते पार्वतीकडे. लेखकनायकाच्या कादंबरीत हा क्रम बहुधा उलटा होतो: युक्ती पहिल्याच प्रकरणात उघड केली जाते आणि माणूस पुढे कधीतरी येईल, असे आश्वासन मिळत राहते.