फाइल समोर असते, तरी ‘सापडत नाही’

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी भाचीने लॅपटॉप पुढे केला. “मामा, फाइल इथेच आहे आणि हा म्हणतोय, नाहीच!” खरंच, यादीत फाइल होती, चालवण्याची परवानगीही होती, पण चालवली की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, म्हणजे अशी फाइलच नाही.

न सापडणारी फाइल वेगळीच होती. डायनॅमिक लिंक केलेला प्रोग्रॅम, म्हणजे लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड) चालताना बाहेरून जोडून घेणारा. त्याच्या पोटात लोडरचा, म्हणजे ही जोडणी करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्या लोडरलाही मेमरीत आणतो आणि सूत्रं आधी त्याच्याच हाती देतो. तो लागतील त्या लायब्ररी गोळा करतो, पत्ते जुळवतो, मगच प्रोग्रॅमची पाळी. भाचीचा प्रोग्रॅम अल्पाइन या लिनक्सवर कंपाइल केलेला, त्याला तिथल्या मसल नावाच्या मूळ सी लायब्ररीचा लोडर हवा. तिच्या लॅपटॉपवरच्या उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर तो नव्हताच.

हा मध्यस्थ आला कुठून? सुरुवातीच्या युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम लायब्ररीतला लागेल तेवढा भाग स्वतःतच कॉपी करून घेई. चालता चालता दुवे जोडण्याची सोय १९६० च्या दशकातल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती; युनिक्सने ती घेतली नाही. पुढे खिडक्यांच्या आणि नेटवर्कच्या लायब्ररी फुगल्या, तेव्हा प्रत्येकात कॉपी ठेवणं महागात पडू लागलं. सिस्टिम व्ही रिलीज ३ या युनिक्सच्या आवृत्तीने लायब्ररी सामायिक केल्या, पण प्रत्येकीची मेमरीतली जागा आधीच ठरलेली. सुरुवातीच्या लिनक्सचंही तेच: कोणाला कुठला पत्ता, याची यादी सांभाळत बसायचं.

यातून सुटका केली सन कंपनीच्या युनिक्सने, १९८८ च्या सनओएस ४.० ने, आणि ती बडोदेकराला चटकन कळावी. सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथालयांची चळवळ उभी केली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तक एक, वाचक कितीतरी. हे चालतं, कारण वाचक पुस्तकात पेन्सिल लावत नाही, टिपणं आपल्या वहीत करतो. सनच्या लायब्ररीतला कोडही तसाच: मेमरीत कुठेही ठेवा, चालतो, त्यामुळे त्यात खाडाखोड करावी लागत नाही. बदलणारे पत्ते प्रत्येक प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) स्वतःच्या तक्त्यात. प्रत एक, वह्या अनेक. इतकी वर्षं हे काम करूनही मला ही रचना फार देखणी वाटते.

तीच रचना सिस्टिम व्ही रिलीज ४ च्या एल्फ या प्रोग्रॅम-फाइलच्या साच्यात आली. १९९५ च्या सुमारास लिनक्सही एल्फवर आलं. फंक्शनला पहिल्यांदा हाक मारली जाईल तेव्हाच त्याचा पत्ता भरायचा, यात वेळ वाचे. आता लिनक्सची बरीच डिस्ट्रिब्यूशन्स (उबुंटूसारख्या तयार आवृत्त्या) सगळे पत्ते सुरुवातीलाच भरून तक्ता कुलूपबंद करतात, कारण उघडा तक्ता हल्लेखोराच्या आयता हाती लागतो.

भाचीने उबुंटूवर पुन्हा कंपाइल केलं. चालवण्याआधी मात्र रीडएल्फ हे एल्फ फाइल वाचून दाखवणारं साधन लावून आत कोणता लोडर लिहिलाय, ते स्वतः पाहिलं.