बनियन आणि पादत्राणे

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या कडेला बाहेर आलेल्या टणक उंचवट्याला बनियन म्हणतात. मुंबईत अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत येणारा मराठी रुग्ण हा शब्द क्वचितच वापरतो. ‘अंगठ्याचं हाड वाढलंय’ असेच तो सांगतो, आणि अंगात घालायच्या बनियनशी होणारा घोटाळा पाहता ते ठीकच आहे. हे वर्णन एका बाबतीत मात्र फसवे आहे. या विकारात हाड मुख्यतः वाढलेले नसते, सरकलेले असते. त्यामुळे ‘वाढलेले तेवढे तासून टाका’ ही रुग्णाची मागणी सहसा अपुरी ठरते.

अंगठ्यामागचे लांब हाड, म्हणजे पहिली प्रपदास्थी, दुसऱ्या पावलाच्या दिशेने झुकते आणि अंगठा त्याच्या उलट, शेजारच्या बोटाकडे कलतो. या दोहोंमधला सांधा वाकवलेल्या कोपरासारखा बाहेर येतो आणि तोच गाठीसारखा दिसतो. वैद्यकशास्त्रात या विकृतीला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. जर्मन शल्यविशारद कार्ल ह्यूटर यांच्या लेखनातून १८७० च्या सुमारास हे नाव रूढ झाले. अंगठ्याचा कल एक्स-रेवर अंशांत मोजतात. साधारण १५ अंशांपर्यंतचा कल स्वाभाविक धरला जातो, ४० च्या पुढचा तीव्र. हा एक्स-रे रुग्णाला उभे करून, पायावर वजन टाकूनच काढावा लागतो, कारण झोपवून काढला तर विकृती आहे त्यापेक्षा सौम्य दिसते.

अंगठा कलला की चालीचे गणित बिघडते. पाऊल उचलताना जमिनीला शेवटचा रेटा अंगठा देतो. तो दुबळा झाला की भार दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी सरकतो, चवड्याला घट्टे पडतात, दुसरे बोट आकड्यासारखे वाकते आणि त्याच्या पेरावर कुरूप होते. उंचवट्यावरच्या त्वचेखाली द्रवाची एक लहान पिशवी असते. ती घासून सुजली की लाली, ठणका आणि पायात काहीच घालवेना अशी अवस्था होते. मात्र हाच सांधा एका रात्रीत लालबुंद व गरम होऊन असह्य दुखू लागला, तर बनियनआधी गाउटचा, म्हणजे वाढलेल्या युरिक ॲसिडचा, संशय घ्यावा. करंगळीच्या मुळाशीही असाच उंचवटा येतो. मांडी घालून बसणाऱ्या शिंप्यांच्या पावलाची बाहेरची कड जमिनीवर दाबली जाई, म्हणून इंग्रजीत त्याला शिंप्याचे बनियन असे नाव पडले.

कारणांमध्ये आनुवंशिकता ठळक आहे. आई, मावशी, आजी यांच्या पायांकडे पाहिले की बरेचदा उलगडा होतो. सैल अस्थिबंध, सपाट पाऊल आणि संधिवाताचे काही प्रकार यांचाही हात असतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार बराच अधिक आढळतो. पादत्राणांवरचा आरोप जुना आहे आणि त्याला पुरावाही आहे. हाँगकाँगमधील लोकांवरच्या, १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांमध्ये ही विकृती आढळली, तर अनवाणी वावरणाऱ्यांत केवळ १.९ टक्के. इंग्लंडमधील केंब्रिज येथे उत्खननात मिळालेल्या १७७ मध्ययुगीन सांगाड्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अकराव्या ते तेराव्या शतकांतील सांगाड्यांपैकी ६ टक्क्यांत विकृतीच्या खुणा होत्या. लांब अणकुचीदार बुटांची फॅशन आल्यानंतरच्या चौदाव्या-पंधराव्या शतकांत हे प्रमाण २७ टक्के झाले. तरीही अनवाणी माणसांतले ते १.९ टक्के विसरता येत नाहीत, आणि आयुष्यभर निमुळते बूट घालूनही अंगठा सरळ राहिलेली माणसे घरोघरी सापडतात. कल जन्मजात घडणीत असतो आणि चुकीची वहाण त्याला हात देते, असे म्हणणे प्रस्तुत पुराव्याला धरून होईल.

वहाणेत तीन गोष्टी बघायच्या: पुढची रुंदी, टाचेची उंची आणि वरच्या भागाचा मऊपणा. उंच टाच शरीराचा भार चवड्यावर ढकलते आणि निमुळते टोक त्या लोटलेल्या बोटांना एकत्र आवळते. मुंबईत लिंकिंग रोडवर किंवा कुलाबा कॉजवेवर मिळणाऱ्या बेलीज, म्हणजे बायकांचे बिनटाचेचे बंद बूट, दिसायला सपाट, पण पुढून अरुंद; टाच नसली की पाय सुखात, हा समज त्यांनी खोटा ठरवला आहे. दुकानातला नंबर फक्त लांबी सांगतो. भारतात प्रचलित नंबर मुळात ब्रिटिश मापांचे आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने १ लाखाहून अधिक भारतीयांची पावले मोजली, तेव्हा ती युरोपीय पावलांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. यातूनच ‘भा’ या नव्या भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला. रुंदी पुरत नाही म्हणून एक नंबर मोठा घेतला, तर टाच सुटते आणि पाऊल पुढे घसरून पुन्हा त्याच निमुळत्या टोकात अडकते.

सोपी परीक्षा घरी करता येते. कोऱ्या कागदावर उभे राहून पेन्सिलीने पावलाची कड काढावी आणि त्यावर नेहमीचा बूट ठेवावा. अंगठ्याच्या मुळाशी रेघ बुटाबाहेर डोकावली, तर तेवढे पाऊल रोज आत कोंबले जात आहे. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभर उभे राहून आणि लोकलचे जिने चढून पाय थोडे सुजलेले असतात.

कोल्हापुरी चपलेचे स्थान मजेशीर आहे. पुढून उघडी असल्याने ती बोटे आवळत नाही. मात्र अंगठा ज्यात घालतात ते चामड्याचे कडे, ज्याला कारागीर ‘अंगठा’च म्हणतात, कललेल्या बोटाला लागते, आणि नवी चप्पल पट्ट्याखाली चावते. तेल मुरवून ती मऊ करण्याची जुनी रीत इथे उपयोगी पडते. कडे अंगठ्याला सरळ करते, ही समजूत मात्र निराधार आहे. बोटांमध्ये अडकवायच्या सिलिकॉनच्या पट्ट्यांचेही तेच: त्या घातलेल्या असेपर्यंत बरे वाटते, काढल्यावर अंगठा पूर्वीच्या जागी जातो.

उपचाराची सुरुवात रुंद वहाण, मऊ गादी, बर्फाचा शेक आणि गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या यांनीच होते. मधुमेह्याने उंचवट्यावरची साधी खरचटही डॉक्टरांना दाखवावी. बधिर पायाला जखम कळत नाही. वेदना आटोक्यात येत नसेल तर शस्त्रक्रिया करतात. केवळ पाय सुबक दिसावा म्हणून ती करणे योग्य नाही. शस्त्रक्रियेचे शंभराहून अधिक प्रकार वर्णिले गेले आहेत. बहुतेकांत हाड कापून सरळ रेषेत आणतात आणि स्क्रूने बसवतात. हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, सूज मात्र काही महिने रेंगाळते, आणि काही रुग्णांत विकृती परत येते. ते सहा आठवडे कडक तळाच्या विशेष बुटात, बँडेज कोरडे ठेवून काढायचे असतात. तातडी नसलेल्या रुग्णाने मुंबईत जुलै-ऑगस्टचे तुंबलेले रस्ते टाळून तारीख घेतलेली सोयीची.