स्लायडर्स

‘स्लायडर्स’ ही समांतर विश्वांतल्या भटकंतीवरची अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका. ट्रेसी टोर्मे आणि रॉबर्ट के. वाइस या दोघांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. २२ मार्च १९९५ रोजी ती फॉक्स वाहिनीवर सुरू झाली, तीन पर्वांनंतर साय-फाय चॅनलकडे गेली आणि ४ फेब्रुवारी २००० रोजी ८८ भागांवर थांबली. तिची गणना विज्ञानकथेत होते. पहिल्या दोन पर्वांचा जीव मात्र विनोदात आणि उपरोधात आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी क्विन मॅलरी (जेरी ओ’कॉनेल) घराच्या तळघरात दुसऱ्या विश्वात जाणारा भोवरा उघडतो. सोबत त्याची सहकारी वेड (सॅब्रिना लॉइड) आणि प्राध्यापक आर्टुरो (जॉन ऱ्हीस-डेव्हिस). चौथा भिडू रेम्ब्रांट ब्राउन (क्लीव्हंट डेरिक्स) हा उतरती कळा लागलेला गायक. बेसबॉल सामन्यात राष्ट्रगीत म्हणायला निघालेला हा बापडा आपल्या कॅडिलॅकसकट भोवऱ्यात ओढला जातो.

प्रवासाचे नियम मोजके आहेत. टायमर, म्हणजे भोवरा उघडणारे हातातले यंत्र, शून्यावर आला की भोवरा उघडतो आणि मिनिटभरात मिटतो. ती वेळ हुकली तर पुढची संधी २९ वर्षांनी. पहिल्याच फेरीत, एका गोठलेल्या पृथ्वीवर, वादळातून जीव वाचवण्यासाठी क्विन भोवरा वेळेआधी उघडतो आणि मूळ विश्वाचा ठावठिकाणा टायमरमधून पुसला जातो. सिद्धांत म्हणून मालिका ‘आइनस्टाइन-रोझेन-पोडोल्स्की सेतू’ सांगते. ही १९३५ सालच्या दोन वेगळ्या शोधनिबंधांची खिचडी आहे: एक अवकाशाच्या दोन भागांना जोडणाऱ्या सेतूवरचा, दुसरा पुंजभौतिकीतल्या कोड्यावरचा. कल्पनेचे खरे नाते भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या, पुंजभौतिकीच्या ‘अनेक विश्वे’ या अर्थनिर्णयाशी.

चांगल्या भागाची बांधणी ठरलेली असते: इतिहासातला एकच दुवा बदलायचा, शहर तेच ठेवायचे. पेनिसिलिन सापडलेच नाही, अमेरिका अजून ब्रिटिश राजवटीखाली आहे, सत्ता स्त्रियांच्या हाती आहे, विद्वानांना खेळाडूंसारखे चाहते आहेत. पायलट, म्हणजे पहिल्या भागात तर लाल दिव्याला गाड्या सुटतात आणि हिरव्याला थांबतात. ओळखीच्या रस्त्यावर एवढा फरकही हसू आणायला पुरतो. दुसऱ्या पर्वात ही चौकडी खरोखर घरी पोचते. अंगणाचे फाटक नेहमीसारखे करकरत नाही म्हणून क्विन हे घर आपले नव्हे असे ठरवतो, सगळे पुढे निघून जातात, आणि मग कळते की फाटक नुकतेच दुरुस्त झाले होते. मालिकेतला हा सर्वांत नेमका आणि सर्वांत क्रूर विनोद.

घसरण अनेक बाजूंनी झाली. फॉक्सने सुरुवातीचे भाग ठरल्या क्रमाने दाखवले नाहीत, त्यामुळे एका भागाच्या शेवटचा धागा पुढच्यात सापडेना. तिसऱ्या पर्वापासून चित्रीकरण व्हँकूवरहून लॉस एंजेलिसला गेले आणि ‘इतिहास असा घडला असता तर?’ या प्रश्नाची जागा गाजलेल्या चित्रपटांच्या उसन्या राक्षसांनी घेतली. आर्टुरो याच पर्वात मरतो; पुढे वेड आणि क्विनही मालिकेतून जातात. क्रोमॅग या आक्रमक जमातीशी चाललेले युद्ध चौथ्या पर्वात कथेच्या केंद्रस्थानी आले, तेव्हा उपरोधाला जागाच उरली नाही. पाचही पर्वांत टिकला तो फक्त डेरिक्स. शेवटच्या भागात क्रोमॅगांना मारक ठरणारा विषाणू रक्तात घेऊन रेम्ब्रांट एकटाच भोवऱ्यात शिरतो. पुढचा भाग कधी बनलाच नाही.