बोलोनियाच्या किनाऱ्यावरची वाट नेमकी कोणाची?

दक्षिण स्पेनमध्ये बोलोनियाच्या किनाऱ्यावर बाएलो क्लाउदिया या रोमन गावाचे अवशेष आहेत, त्यांना कुंपण आहे. कुंपणाबाहेर वाळूत लालसर तपकिरी गाई रवंथ करत बसलेल्या असतात. त्यांच्यापलीकडे जिब्राल्टरची सामुद्रधुनी, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर मोरोक्कोचे डोंगर. गाई इथल्याच, रेतिंता जातीच्या. त्यांना समुद्रकिनाऱ्यावर पाहून पर्यटक फोटो काढतात, पण पुढे ज्या वाटांबद्दल लिहायचे आहे त्या या गुरांनीच पाडल्या आहेत.

हा पट्टा २००३ पासून एस्त्रेचो निसर्गोद्यानात मोडतो. आल्हेसिरासजवळच्या हेतारेसपासून काबो दे ग्रासियापर्यंत सुमारे १९,००० हेक्टर, त्यातले जवळजवळ निम्मे पाण्यात. बोलोनिया तारिफा गावाच्या टोकाच्या पश्चिमेला, म्हणून काटेकोर बोलायचे तर अटलांटिकवर. तरी २००६ साली स्पेन आणि मोरोक्को मिळून जे जैवावरण राखीव क्षेत्र जाहीर झाले त्याच्या नावात भूमध्यच आहे आणि हे उद्यान त्यात येते, तेव्हा समुद्र अटलांटिक की भूमध्य हा वाद इथे नको.

रोमन भाग थोडक्यात. मूळ वस्ती किनाऱ्यावर नव्हती. ती मागच्या डोंगरावर, आज 'पोपची खुर्ची' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिखरावर होती. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस गाव खाली उतरले ते ट्यूना माशासाठी. हा मासा दरवर्षी अंडी घालायला अटलांटिकमधून भूमध्यात शिरतो आणि या अरुंद जागेतून जाताना किनाऱ्याजवळ येतो. इथल्या जुन्या नाण्यांवरही ट्यूना कोरलेला आहे. समुद्राला लागून खारवण्याचे हौद अजून दिसतात, काही चौकोनी, काही गोल. त्यांत मासळी मिठात मुरवायची, आतडी आणि बारीक मासळी आंबवून गारुम नावाची उग्र चटणीवजा आमटी करायची आणि मातीच्या रांजणांत भरून जहाजाने पाठवायची. सम्राट क्लॉडियसच्या काळात गावाला नगराचा दर्जा मिळाला, नावात 'क्लाउदिया' आले. पुढे भूकंप झाले, तिसऱ्या शतकापासून उतरती कळा लागली आणि सातव्या शतकाच्या सुमारास वस्ती संपली.

यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. मालागाकडून कादिसकडे जाणारा रोमन किनारी रस्ता गावाला वळसा घालून जात नव्हता, गावातूनच जात होता. पूर्व-पश्चिम मुख्य रस्त्याच्या एका टोकाला कार्तेया या पूर्वेकडच्या रोमन नगराकडचे दार, दुसऱ्या टोकाला गादेसकडचे, म्हणजे कादिसचे. वाटसरू एका दाराने आत शिरायचा, बाजार आणि चौक ओलांडून दुसऱ्या दाराने बाहेर पडायचा.

१९१७ ते १९२१ या काळात एका फ्रेंच पथकाने इथे पहिले मोठे उत्खनन केले आणि १९२५ मध्ये जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. त्यानंतर काम थांबले ते १९६६ पर्यंत. मधल्या काळात इथे आले लष्कर. यादवी युद्ध १९३९ मध्ये संपले आणि लगेच सामुद्रधुनीच्या उत्तर काठावर शेकडो बंकर उभे राहिले. अनेक अजून जागेवर आहेत, काही वाळूत कलंडले आहेत. पुढे १९७५ च्या कायद्याने इथे परदेशी माणसाने जमीन घेण्यावर लष्करी परवानगीची अट घातली (युरोपीय नागरिकांसाठी ती नंतर शिथिल झाली). कोस्ता देल सोल या पर्यटकांच्या किनाऱ्यावर त्याच दशकांत हॉटेलांच्या भिंती उठल्या. इथे उठल्या नाहीत, त्याचे श्रेय निसर्गप्रेमाला देण्याची पद्धत आहे. मला वाटते त्यातला मोठा वाटा तोफांना आणि जोराच्या वाऱ्याला द्यायला हवा. लेवांते, म्हणजे पूर्वेचा वारा, सुटला की तारिफात छत्री उघडण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

आता वाटांकडे. तारिफाहून पूर्वेकडे ग्वादालमेसी नदीच्या मुखापर्यंत जी किनारी वाट जाते तिचे नाव 'कोलादा दे ला कोस्ता'. आडवे-तिरपे झालेले खडकांचे थर, डोक्यावरून आफ्रिकेकडे निघालेले करकोचे आणि शिकारी पक्षी, शेवटी चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला टेहळणी बुरूज. बहुतेक माहितीपत्रके इथवर येऊन थांबतात. 'कोलादा' म्हणजे काय हे सांगत नाहीत, आणि सगळा घोळ तर त्या शब्दातच आहे.

स्पेनमध्ये गुरांच्या हंगामी स्थलांतरासाठी राखलेल्या रस्त्यांचे जाळे आहे. आपल्याकडच्या पाणंदीशी त्याचे नाते लावता येईल, पण पाणंद शेतापुरती. हे रस्ते धनगरांच्या वाटांसारखे प्रांतच्या प्रांत ओलांडणारे. मेंढपाळांच्या राजमान्य संघटनेने १२७३ पासून १८३६ पर्यंत त्यांची राखण केली. रुंदीवरून नावे ठरलेली: कान्यादा ७५.२२ मीटर, कोर्देल ३७.६१, वेरेदा २०.८९. आकडे असे विचित्र दिसतात कारण ते जुन्या वारांतून आले. कान्यादा म्हणजे ९० वार, आणि स्पॅनिश वार आपल्या वारापेक्षा आखूड. कोलादा या तिन्हींहून अरुंद. तिला ठरलेली रुंदी नाही. जागेवर जेवढी असेल तेवढी.

२३ मार्च १९९५ च्या कायद्याने हे सगळे रस्ते सार्वजनिक मालकीचे ठरवले आणि स्वायत्त प्रदेशांच्या सरकारांकडे सोपवले. ते विकता येत नाहीत, जप्त होत नाहीत, आणि कोणी पिढ्यान् पिढ्या वहिवाट केली तरी त्याची मालकी लागत नाही. याच कायद्यात पायी फिरणाऱ्याला जागा मिळाली: चालणे, घोड्यावरून जाणे, मोटार नसलेल्या वाहनाने जाणे हे गुरांच्या वापराला पूरक मानले गेले. पण त्याच कायद्याने रुंदी ठरवून दिली ती फक्त कान्यादा, कोर्देल आणि वेरेदा यांची, तीही 'यापेक्षा जास्त नाही' अशा भाषेत. कोलादाचे नाव त्यांत नाही, ती मोडते 'रूढीने प्रचलित इतर नावां'त. म्हणजे ज्या वाटेवर आज सगळे चालतात तिला संरक्षण आहे, माप मात्र कायद्यात नाही.

माप कुठून येते? दोन टप्प्यांतून. पहिल्या टप्प्यात सरकार कागदोपत्री मान्य करते की अमुक गावात अमुक रस्ता आहे, तो कुठून कुठे जातो आणि किती रुंद आहे. दुसरा टप्पा मोजणीचा: जागेवर जाऊन हद्द ठरवायची, मग खुंट रोवायचे. या दोन टप्प्यांमध्ये अनेक दशके जाऊ शकतात. तेवढ्या काळात रस्ता नकाशावर असतो आणि जमिनीवर तार असते. सातबारा आणि प्रत्यक्ष बांध यांच्यात अडकलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. कादिस प्रांतात वाटांवरची कुलूपबंद फाटके हा चालणाऱ्यांच्या आणि पर्यावरणवाल्यांच्या संघटनांचा जुना विषय आहे. जमीनमालकांचीही बाजू आहे: मोजणीला मान्यता मिळाली की नोंदणीकृत खरेदीखतसुद्धा तिच्यापुढे टिकत नाही, आणि आजोबांनी पैसे मोजून घेतलेला तुकडा एका पत्राने सार्वजनिक होतो. तक्रार खोटी नाही. पण गुरे त्याच्याही आधी तिथून जात होती.

वाट जिथे गुरांच्या रस्त्यावर नाही तिथे दुसरा आधार लागतो, १९८८ चा किनारा कायदा. त्यानुसार समुद्रकाठाची हद्द जिथे संपते तिथून आत ६ मीटरांची पट्टी पायी जाणाऱ्यांसाठी कायम मोकळी ठेवावी लागते. अवघड ठिकाणी ती २० मीटरांपर्यंत वाढवता येते. बांधकामावर बंधने असलेली पट्टी १०० मीटरांची होती. २०१३ च्या दुरुस्तीने काही वस्त्यांपुरती ती २० वर आणली आणि किनाऱ्यावरच्या जुन्या बांधकामांना ७५ वर्षांपर्यंत मुदत मिळण्याची सोय केली. सहा मीटरांना हात लागला नाही.

वाळू मात्र कोणाचाच कायदा पाळत नाही. बोलोनियाचा टेकाडाएवढा वाळूचा ढीग ३० मीटरांहून उंच आहे आणि २००१ पासून नैसर्गिक स्मारक आहे. तो पाइनच्या झाडांवर चढत चालला आहे. बोलोनिया आणि तारिफाच्या मधल्या वाल्देवाकेरोसचा ढीग तर माणसाच्याच करणीचा. १९४० च्या दशकात लष्कराने आपल्या इमारतींवर वाळू येऊ नये म्हणून अडसर घातले आणि तिथे साठलेली वाळू आता पुंता पालोमाचा रस्ता पुन्हा पुन्हा गिळते. यंत्र येते, वाळू उपसते, लेवांते सुटतो, रस्ता पुन्हा गायब.

त्याच वाल्देवाकेरोसला लागून मे २०१२ मध्ये तारिफाच्या नगरपालिकेने सुमारे ३५० घरे आणि १,४०० हॉटेल खाटांचा आराखडा मंजूर केला. देशात बेकारी भयंकर होती, 'रोजगार हवा' हे कारण पोकळ नव्हते. जागा उद्यानाच्या अगदी कडेला होती, हद्दीच्या आत नाही, आणि सगळा युक्तिवाद त्या एका रेषेवर उभा होता. विरोध देशभर झाला, पुढे न्यायालयाने आराखडा रद्द केला.

बोलोनियातला वाद त्याहून लहान, पण रोज डोळ्यांसमोर. २००७ मध्ये अवशेषांच्या पूर्वेला काँक्रीटचे स्वागतकेंद्र आणि संग्रहालय उघडले. कोणी म्हणते इमारत उतारात नीट बसवली आहे, कोणी म्हणते किनाऱ्यावरून आधी तीच दिसते. आत छान वस्तू आहेत, हे खरे. न्यायसभेतला सम्राट ट्राजनचा मोठा पुतळा मात्र प्रतिकृती आहे. मूळ पुतळा कादिसच्या संग्रहालयात. पश्चिमेला कामारिनालच्या टोकाकडे चालत गेले तर रोमनांनी दगड काढलेल्या खाणींच्या खाचा खडकात दिसतात. जवळच 'क्लाउदियाची स्नाने' म्हणून लोक ज्यात डुंबतात ती समुद्राने कोरलेली साधी डबकी आहेत. तिथे ना कुंपण, ना पाटी, ना पहारेकरी.

रोमन गावातल्या मुख्य रस्त्यावर पाय ठेवायचा तर आता याच संग्रहालयातून जावे लागते. युरोपीय संघाच्या नागरिकांना प्रवेश फुकट, बाकीच्यांना गेली कित्येक वर्षे दीड युरो. सोमवारी बंद. पूर्वेकडून चालत आलेला माणूस कार्तेयाच्या दाराशी पोचतो, फरसबंदी त्याला तारेतून दिसते, आणि मग तो खाली वाळूत उतरतो, गाईंमधून वाट काढत पश्चिमेला जातो.